प्रदर्शनातला पेल्टिएचा चौकोन

गेली काही वर्षे शालेय विज्ञान प्रदर्शनाच्या मांडवात शिरले की एक वस्तू हटकून भेटते. चार सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि जेमतेम चार मिलिमीटर जाड अशी पांढरी चौकोनी फरशी. तिच्या कडेतून बाहेर आलेली एक लाल आणि एक काळी वायर. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘पेल्टियर द्या’ म्हटले की हीच मिळते. पाचसहा टेबले ओलांडावीत तो ती पुन्हा समोर. एका टेबलावर थर्मोकोलच्या डब्यात बसून ती ‘गॅसविरहित फ्रीज’ झालेली असते, दुसऱ्यावर पंख्याला चिकटून ‘गरिबांचा एसी’, तर तिसऱ्यावर मेणबत्तीच्या डोक्यावर टांगलेली, ‘टाकाऊ उष्णतेपासून फुकट वीज’ या नावाने.

पुस्तकाचे परीक्षण करतात तसे या प्रकल्पांचे परीक्षण करावे असे आमच्या मनात बरेच दिवस होते. प्रदर्शनांबद्दल जे छापून येते ते बहुधा कौतुकाचे, नाहीतर कोणाचा कितवा क्रमांक आला एवढेच. फलकावर काय लिहिले होते आणि ते खरे होते का, हे सहसा कोणी विचारत नाही. येथे आम्ही कोणा एका शाळेच्या प्रकल्पाबद्दल बोलत नाही. या फलकांवरचा मजकूर इतका सारखा असतो की तो एकाच हातचा वाटावा. बाजारात मिळणारे तयार संच आणि त्यांच्यासोबतच्या पुस्तिका पाहिल्या म्हणजे तो कोठून येतो तेही कळते. परीक्षण त्या मजकुराचे आहे. चौकोनाबद्दल आमची काहीच तक्रार नाही. दहावीपर्यंतच्या भौतिकशास्त्रातले कितीतरी धडे त्या एका वस्तूत दाटीवाटीने बसलेले आहेत, आणि म्हणूनच तिच्यावर जे लिहिले जाते ते खटकते.

आधी आत काय आहे ते पाहू. चिनीमातीसारख्या दोन पातळ फरशांच्या मध्ये बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकाचे बारीक खांब उभे असतात. निम्मे एन प्रकारचे, निम्मे पी प्रकारचे. ते एकाआड एक असे तांब्याच्या छोट्या पत्र्यांनी जोडलेले असतात. विजेच्या दृष्टीने सगळे खांब एकसरीत, एखाद्या माळेसारखे. उष्णतेच्या दृष्टीने मात्र सगळे समांतर, कारण प्रत्येकाचे एक टोक वरच्या फरशीला आणि दुसरे खालच्या फरशीला टेकलेले. चौकोनावर बहुधा १२७०६ असा आकडा असतो. त्यातले १२७ म्हणजे खांबांच्या जोड्या आणि ०६ म्हणजे सहा अँपिअर. दोन फरशांच्या तापमानात फरक ठेवला की दर अंशाला दर जोडीमागे सुमारे ०.४ मिलिव्होल्ट विभवांतर निर्माण होते; १२७ जोड्यांचे मिळून अंशाला साधारण ५० मिलिव्होल्ट. हा सीबेक परिणाम. उलट बाहेरून वीज दिली तर एका फरशीकडची उष्णता उचलून दुसरीकडे टाकली जाते. हा पेल्टिए परिणाम.

आता मेणबत्तीचा फलक घेऊ. ‘उष्णतेचे विजेत रूपांतर’ असे त्यावर मोठ्या अक्षरांत असते. वाक्य खोटे नाही, पण त्यात एक शब्द गाळलेला आहे, आणि तोच महत्त्वाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘फरक’. चौकोनाला उष्णता कितीही द्या, त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच तापल्या तर वीज शून्य. कोयनेची वीज धरणात पाणी पुष्कळ आहे एवढ्यानेच होत नाही; ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली पोफळीकडे उतरते म्हणून होते. पातळीतला फरक गेला तर जलाशय तुडुंब असूनही जनित्र जागचे हलणार नाही. येथेही तेच आहे.

या गाळलेल्या शब्दाचे परिणाम टेबलावर लगेच दिसतात. विद्यार्थी मेणबत्ती पेटवतो, लाल एलईडी लागतो, बघणारे ‘वा’ म्हणतात. अर्ध्याएक मिनिटात एलईडी मंदावतो. मग विद्यार्थी गुपचूप वरच्या बाजूला ओला फडका टाकतो आणि एलईडी पुन्हा उजळतो. आमच्या मते तो ओला फडका हाच त्या प्रकल्पाचा गाभा आहे. वरची बाजू तापू लागली, फरक मावळला, फडक्याने तो परत आणला. एवढे त्या मुलाने समजून सांगितले असते तर आम्ही उठून टाळ्या वाजवल्या असत्या. पण फडक्याचा फलकावर उल्लेख नसतो, कारण पुस्तिकेत तो नाही. पुस्तिकेतल्या चित्रात मेणबत्ती आहे, चौकोन आहे आणि प्रकाशकिरण फेकणारा दिवा आहे. थंड बाजूचे काय, हा प्रश्न चित्र काढणाऱ्याला पडलेला दिसत नाही.

काही प्रकल्पांत फडक्याऐवजी संगणकातून काढलेला ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि त्यावर छोटा पंखा असतो. हा सुधारलेला प्रकार. तेथे मात्र आम्ही वाकून टेबलाखाली पाहतो. पंखा १२ व्होल्टचा, घेतो ०.१५ अँपिअर, म्हणजे १.८ वॅट, आणि ही वीज येते भिंतीवरच्या प्लगमधून. चौकोन त्या बदल्यात किती देतो? हिशोब आठवी-नववीच्या मुलाला जमण्यासारखा आहे. दोन बाजूंत २० अंशांचा फरक टिकवला असे समजू. वीस गुणिले ५० मिलिव्होल्ट म्हणजे एक व्होल्ट. चौकोनाचा अंतर्गत रोध सुमारे दोन ओहम. बाहेरचा रोधही दोन ओहम ठेवला की सर्वाधिक शक्ती मिळते. तेव्हा एकूण रोध चार ओहम, प्रवाह पाव अँपिअर, आणि बाहेरच्या रोधात मिळणारी शक्ती एक अष्टमांश वॅट. एक अष्टमांश वॅट मिळवण्यासाठी पावणेदोन वॅट खर्च करणाऱ्या यंत्राला ‘फुकट वीज’ म्हणायचे असेल तर आमचे म्हणणे संपले.

हिशोब आणखी एक पायरी पुढे न्यावा. त्या २० अंशांच्या फरकामुळे चौकोनातून नुसत्या वहनाने साधारण १० वॅट उष्णता पलीकडे जाते, आणि प्रवाहाबरोबर वाहून जाणारी आणखी चारेक वॅट. म्हणजे १४ वॅट उष्णता आत, आठवा हिस्सा वॅट वीज बाहेर. कार्यक्षमता एक टक्क्याच्याही खाली. मोबाइलच्या साध्या चार्जरला पाच वॅट लागतात. तेवढ्यासाठी असे ४० चौकोन लागतील, आणि प्रत्येकावर २० अंशांचा फरक सतत राखावा लागेल. ‘चुलीवर मोबाइल चार्ज’ या फलकासमोर उभे राहून हा गुणाकार करायला दोन मिनिटे पुरतात. तो सहसा कोणी करत नाही. विद्यार्थी नाही, मार्गदर्शक शिक्षक नाही आणि परीक्षकही नाही.

यात चौकोनाचा दोष नाही. तापमान ३२० केल्विन आणि ३०० केल्विन असे असेल तर कार्नोच्या नियमाप्रमाणे जगातले कोणतेही यंत्र सव्वासहा टक्क्यांहून जास्त देऊ शकत नाही. त्या सव्वासहापैकी एक टक्काही हाती लागत नाही याचे कारण पदार्थात आहे. आपल्याला असा पदार्थ हवा असतो की जो वीज सहज जाऊ देईल पण उष्णता अडवील. धातू दोन्ही सहज जाऊ देतात, काच दोन्ही अडवते. बिस्मथ टेल्युराइड ही त्यातल्या त्यात जमलेली तडजोड, आणि ती १९५०च्या दशकातली आहे. त्यानंतर पदार्थशास्त्रज्ञ हात बांधून बसलेले नाहीत. २०१४ साली अमेरिकेत टिन सेलेनाइडच्या स्फटिकाने आणि २०२१ साली बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील कनिष्क बिस्वास यांच्या गटाने सिल्व्हर अँटिमनी टेल्युराइडमध्ये कॅडमियम मिसळून पुष्कळ वरचे आकडे गाठले. पण ते शेकडो अंश तापमानाला, आणि प्रयोगशाळेतल्या नमुन्यात. दुकानातल्या चौकोनाच्या फलकावर हे आकडे चिकटवणे म्हणजे शेजारच्या मुलाचे गुण आपल्या प्रगतिपुस्तकात लिहिणे होय.

थंडाव्याच्या प्रकल्पांकडे वळू. यातला ‘एसी’ आम्हांला विशेष मनोरंजक वाटतो. पुठ्ठ्याचा खोका, मध्ये चौकोन, एका बाजूला हीटसिंक, दोन्हीकडे पंखे. समोर हात धरला की गार झुळूक लागते, आणि बघणाऱ्याची खात्री पटते. पाठीमागे हात धरायला कोणी सांगत नाही.

चौकोनातून पाच अँपिअर प्रवाह सोडला आणि दोन बाजूंत ३० अंशांचा फरक आहे असे धरू. पेल्टिए परिणामाने थंड बाजूची सुमारे ७२ वॅट उष्णता उचलली जाते. पण याच प्रवाहाने खांब तापतात. रोध दोन ओहम, प्रवाह पाच अँपिअर, म्हणजे ५० वॅट उष्णता आतल्या आत तयार होते. तिच्यातली निम्मी थंड बाजूकडे येते. शिवाय गरम बाजूकडून वहनाने १५ वॅट परत झिरपतात. ७२ मधून २५ आणि १५ वजा केले की उरतात ३२ वॅट. एवढाच खरा थंडावा. यासाठी वीज लागली ५७ वॅटच्या आसपास. आणि गरम बाजूला या दोहोंची बेरीज, जवळजवळ ९० वॅट, बाहेर पडते.

आता वर्गात हे मांडून पाहा. स्वस्थ बसलेला एक माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. म्हणजे ‘गरिबांचा एसी’ ज्या विद्यार्थ्याने बनवला त्याच्या एकट्याच्या अंगाची उष्णताही तो उपसू शकत नाही. हीटसिंकची गरम हवा त्याच खोलीत सोडलेली असली, आणि प्रदर्शनात ती तशीच असते, तर खोलीच्या दृष्टीने हे यंत्र म्हणजे ५७ वॅटची शेगडी आहे. पंख्यांची वीज वेगळी. बंद खोलीत फ्रीजचे दार उघडे ठेवले तर खोली थंड होईल का, हा जुना प्रश्न बहुतेक शिक्षक वर्गात विचारतात. त्याचे उत्तर फळ्यावर लिहून देणाऱ्या शाळेच्याच टेबलावर असा एसी पाहिला की काय म्हणावे ते सुचत नाही.

या फलकांवर एक आकडेमोड मात्र आवर्जून असते: ‘६० वॅट शीतन क्षमता, ६५ अंशांपर्यंत तापमान घट’. दोन्ही आकडे उत्पादकाच्या माहितीपत्रकातले आहेत, आणि दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत. पण ते एकाच वेळी कधीच खरे नसतात. सर्वाधिक उष्णता उचलली जाते तेव्हा दोन बाजूंत फरक शून्य असावा लागतो. आणि सर्वाधिक फरक मिळतो तेव्हा उचललेली उष्णता शून्य असते. ज्या दिवशी टोमॅटोचा भाव सर्वांत चढा त्या दिवशी बाजारात माल सर्वांत कमी असतो. एका दिवसाचा भाव आणि दुसऱ्या दिवसाची विक्री यांचा गुणाकार करून कोणी भाजीवाला उत्पन्न सांगू लागला तर आपण हसू. माहितीपत्रक वाचायला शिकवणे हाही विज्ञान शिक्षणाचा भाग आहे, आणि या दोन आकड्यांइतके चांगले उदाहरण त्यासाठी शोधून सापडणार नाही.

‘प्रवाह वाढवा, थंडावा वाढेल’ असेही पुस्तिकेत आढळते. काही मर्यादेपर्यंतच ते बरोबर आहे. पेल्टिए परिणाम प्रवाहाच्या पटीत वाढतो, पण तारेप्रमाणे खांब तापणे प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत. सुरुवातीला पहिला पुढे असतो, नंतर दुसरा त्याला गाठतो. आलेख काढला तर तो चढतो, माथ्यावर जातो आणि उतरू लागतो. वर्गसमीकरण शिकवणाऱ्या गणिताच्या बाईंना हा आलेख दाखवावा.

‘पर्यावरणस्नेही’ या शब्दावर थोडेच लिहितो. फ्रीजमधला वायू ओझोनचा थर विरळ करतो म्हणून पेल्टिए वापरा, असा युक्तिवाद असतो. ओझोनला मारक असे क्लोरोफ्लुओरोकार्बन नव्या घरगुती फ्रीजमधून हद्दपार होऊन बरीच वर्षे झाली. आज अनेक घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो. त्यांच्या जागी आलेल्या वायूंपैकी काही हवा तापवणारे आहेत हे खरे. पण काँप्रेसरचा एसी एक युनिट विजेत तीन किंवा अधिक युनिट उष्णता बाहेर काढतो आणि आपला चौकोन वरच्या उदाहरणात अर्ध्याहून थोडी जास्त. तेवढ्याच थंडाव्याला पाचपट वीज, आणि आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशावर होते. डब्यात वायू नाही. धूर दुसऱ्या गावी निघतो.

फलकाच्या कोपऱ्यात इतिहासाची एक ओळ असते: ‘१८२१ साली सीबेक यांनी उष्णतेपासून वीज निर्माण करण्याचा शोध लावला.’ ही ओळ पुसून खरी गोष्ट लिहावी अशी आमची आग्रहाची सूचना आहे, कारण खरी गोष्ट कितीतरी जास्त शिकवून जाते. टॉमस योहान सीबेक यांनी दोन वेगळ्या धातूंचे वलय करून एक सांधा तापवला तेव्हा जवळच्या होकायंत्राची सुई हलली. सुई हलली म्हणजे चुंबकत्व, असा त्यांनी निष्कर्ष काढला. वीज त्यांना मान्यच नव्हती. पृथ्वीचे चुंबकत्वही विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातील फरकामुळे असावे अशी त्यांची कल्पना होती. वलयातून विद्युतप्रवाह वाहतो आणि सुई त्यामुळे हलते हे ओर्स्टेड यांनी ओळखले. १८३४ साली पेल्टिए या घड्याळजीने दोन धातूंच्या सांध्यावर तापमान बदलते असे पाहिले. त्याचा खरा अर्थ १८३८ साली लेन्झ यांनी दाखवला. बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यावर त्यांनी पाण्याचा थेंब ठेवला, प्रवाह सोडून तो गोठवला, आणि प्रवाह उलटा करून वितळवला.

याहून मोलाची गोष्ट ओहमची आहे, आणि ती फलकावर आम्हांला कधीच दिसली नाही. दहावीच्या वर्गात ज्याचा नियम आपण शिकवतो त्या गेओर्ग ओहमला प्रयोग करताना एक अडचण होती. त्या काळच्या विद्युतघटांचे विभवांतर चालू प्रयोगात घसरत असे. पोगेनडॉर्फ यांनी सुचवले म्हणून त्याने घट बाजूला ठेवून बिस्मथ आणि तांबे यांचे तापयुग्म घेतले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ शिल्लक आहे तोवर फरक १०० अंश, आणि विभवांतर काही केल्या हलत नाही. या चिमुकल्या पण अचल विभवांतरावर १८२६ साली तो नियम हाती आला. सीबेक परिणामाने विज्ञानाला दिलेली पहिली मोठी देणगी ही होती. तिथे वीज किती याला महत्त्व नव्हते. ती स्थिर होती याला होते.

हेच सूत्र हातात धरून आजचे उपयोग पाहिले की चौकोनाची खरी योग्यता कळते. २०२० साली आपण सर्वांनी आरटीपीसीआर हा शब्द ऐकला. त्या चाचणीच्या यंत्रात नमुना पुन्हा पुन्हा ९५ अंशांच्या आसपास तापवून ६० अंशांच्या आसपास आणावा लागतो. अशा बहुतेक यंत्रांत नळ्यांच्या ठोकळ्याखाली पेल्टिए असतो. प्रवाहाची दिशा बदलली की तापवणारा तोच आणि थंड करणाराही तोच. तेथे विजेची बचत कोणी मागत नाही. अचूकपणा आणि चपळाई मागतात. प्रकाशतंतूंच्या संदेशवहनात लेझरचे तापमान स्थिर ठेवायलाही हाच.

विजेच्या बाजूचेही तसेच आहे. १९७७ साली निघालेल्या दोन व्हॉयेजर यानांवर प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारी प्रत्येकी तीन जनित्रे होती. सुरुवातीला ती मिळून सुमारे ४७० वॅट देत. सूर्यापासून इतक्या दूर सौरपट्ट्या कुचकामी. हलणारा एकही भाग नसल्याने दुरुस्तीचा प्रश्न नाही. २०२४ सालीही ती याने संदेश पाठवत होती. २०१२ साली मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीवरचे जनित्र दोन हजार वॅट उष्णतेतून ११० वॅट वीज काढत होते. कार्यक्षमता साडेपाच टक्के. अवकाश संशोधकांना ती लपवावीशी वाटली नाही. आणि दुसऱ्या टोकाला १९९८ साली जपानच्या सेइको कंपनीने मनगटाच्या उबेवर चालणारे घड्याळ काढले. घड्याळाला लागतात काही मायक्रोवॅट, म्हणून ते जमले.

चुलीच्या प्रकल्पालाही येथे एक सन्मानाची जागा आहे. लाकडाच्या छोट्या शेगडीला असा चौकोन लावून त्यावर पंखा फिरवणाऱ्या शेगड्या जगात विकल्या जातात. दोनतीन वॅट वीज मिळते. तेवढ्या विजेने पंखा आत हवा फुंकतो, जळण नीट जळते आणि धूर कमी होतो. धूर भरलेल्या स्वयंपाकघरात हे दोन वॅट मोलाचे आहेत. ‘चुलीवर मोबाइल’ यापेक्षा ‘चुलीवर फुंकणी’ हा प्रकल्प आम्हांला कितीतरी जास्त आवडेल, आणि त्यात मोजण्यासारखेही पुष्कळ आहे. एक सावधगिरी: दुकानातला स्वस्त चौकोन थंडाव्यासाठी बनवलेला असतो. अनेकदा त्याच्या आतले डाख १३८ अंशांना वितळते. तो थेट चुलीच्या पत्र्यावर ठेवला तर प्रकल्प पहिल्याच दिवशी संपतो.

परदेशी उदाहरण म्हणून फलकांवर कॅनडाच्या ॲन माकोसिन्स्की हिचे नाव असते. तळहाताच्या उबेवर लागणारी विजेरी बनवून तिने २०१३ साली गूगल सायन्स फेअरमध्ये आपल्या वयोगटात पहिले पारितोषिक मिळवले. ‘पंधरा वर्षांच्या मुलीने फुकट वीज शोधली’ असे तिच्याबद्दल लिहिलेले आम्ही वाचले आहे. तिने प्रत्यक्षात काय केले? हातातून मिळणारी शक्ती दिव्याला पुरते का हे आधी तपासले. शक्ती पुरत होती, विभवांतर पुरत नव्हते. मग ते वाढवणारे रोहित्राचे मंडल शोधून जोडले. म्हणजे बक्षीस मिळाले ते ‘किती’ या प्रश्नाचा पाठलाग केल्याबद्दल.

आमच्या या टीकेवर एक उत्तर ठरलेले असते, आणि ते कळकळीचे असते म्हणून ऐकून घ्यायला हवे. मुलांनी हाताने काही केले हेच पुष्कळ; आकड्यांचा काच लावून त्यांचा उत्साह मारू नका. उत्साहाबद्दल आमचे दुमत नाही. पण काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात आम्ही जे पाहिले ते सांगतो. एका मुलीच्या फलकावर लिहिले होते, ‘२२ अंश फरकाला ०.११ वॅट. यावर मोबाइल चार्ज होत नाही.’ खाली तक्ता, तक्त्याखाली आलेख. परीक्षकांनी विचारले, ‘मग याचा उपयोग काय?’ ती गप्प राहिली. शेजारच्या टेबलावर तोच चौकोन होता आणि फलकावर ‘भविष्यात संपूर्ण गाव उजळेल’ असे होते. पुढच्या फेरीसाठी निवड त्या टेबलाची झाली. उत्साह कोणाचा मारला गेला? त्या मुलीने पुढच्या वर्षी फलकावर काय लिहिले असेल, याचा विचार मार्गदर्शक आणि परीक्षक या दोन्ही नात्यांनी आपण करायला हवा. तिची ०.११ ही संख्या अतिशय चांगली होती. आमच्या हिशोबाने त्या फरकाला जास्तीत जास्त ०.१५ वॅट मिळू शकतात. म्हणजे तिचे मोजमाप आणि जोडणी दोन्ही नीट होते, आणि हे ओळखणारा कोणी त्या टेबलापाशी उभा नव्हता.

परीक्षकांसाठी म्हणून आम्ही तीनच प्रश्न सुचवतो. दोन्ही बाजूंचे तापमान किती? मिळालेले किंवा दिलेले वॅट किती? दुसऱ्या बाजूची उष्णता कोठे गेली? उत्तर लहान आले तरी चालेल, उत्तर हवे.

आणि ज्यांना याच वर्षी हा चौकोन वापरायचा आहे त्यांच्यासाठी एक प्रयोग. सपाट बुडाची दोन स्टीलची भांडी घ्या. खालचे भांडे पालथे घालून त्यावर चौकोन आणि चौकोनावर बर्फाच्या पाण्याचे भांडे ठेवायचे असेल तर खालचे तापवणे अवघड जाते. म्हणून दोन्ही भांडी आडवी, सपाट बाजू एकमेकींकडे करून मध्ये चौकोन धरता येईल अशी, म्हणजे चौकोनी डबेच घेतलेले बरे. एका डब्यात गरम पाणी, दुसऱ्यात बर्फाचे. दोन्हींत तापमापी, आणि दोन वायरींना मल्टिमीटर. गरम पाणी निवत जाईल तसतशी दर मिनिटाला तापमानांची आणि विभवांतराची नोंद करा. तापमानातील फरक आडव्या अक्षावर आणि मिलिव्होल्ट उभ्या अक्षावर घेतले की सरळ रेषा येते. तिच्या चढाला ०.४ ने भागले की आतल्या जोड्यांची संख्या मिळायला हवी, चौकोन न फोडता.

पहिल्या खेपेस १२७ येणार नाहीत. ऐंशी-नव्वद येतील. तेव्हा उत्तर ‘सुधारून’ देऊ नका. तापमापी पाण्यात आहे, फरशीवर नाही. मधले काही अंश डब्याचा पत्रा आणि चौकोन यांमधल्या हवेच्या पातळ थरात हरवले आहेत. डबे दोरीने घट्ट आवळून, मध्ये उष्णतावाहक पेस्ट लावून पुन्हा मोजले की संख्या वर सरकते. ती किती सरकली यावरून हरवलेले अंश कोठे होते ते मुलांनाच शोधू द्या.

मग मागच्या वर्षी चुलीवर जळालेला चौकोन कपाटातून काढा, कडेने सुरी घालून वरची फरशी उचका, हात नीट धुण्याची सूचना द्या, आणि खांब मोजायला सांगा. सोळा ओळींत सोळा म्हणजे २५६ असायला हवेत असे कोणीतरी म्हणेल. मोजल्यावर २५४ भरतात. उरलेल्या दोन जागा लाल आणि काळ्या वायरीजवळच्या कोपऱ्यांत रिकाम्या सापडतील.